वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे : पूर, आग आणि हातातला फोन

या अंकासाठी ठाणे आणि नवी मुंबईतून आलेली बरीच पत्रे एकाच विषयावरची आहेत. पूर, आग, वीज जाणे किंवा अपघात अशा प्रसंगी व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम आणि एक्स यांचा उपयोग कसा करावा, असे त्यांत विचारले आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या सोसायटीत सात इमारती आहेत आणि सर्वांचा मिळून व्हॉट्सॲपचा एकच ग्रुप आहे. गेल्या पावसाळ्यात एका रात्री तळघरातल्या पार्किंगमध्ये पाणी शिरले. तेव्हा पंप चालू झाला की नाही आणि लिफ्ट वापरायची की नाही हे सांगणारे माझे संदेश प्रश्नांखाली, व्हिडिओंखाली आणि हात जोडलेल्या चित्रांखाली गाडले गेले. ग्रुपच बंद करावा असे काही सभासदांचे म्हणणे आहे. आपले मत काय?
– सोसायटीचे सचिव, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : ग्रुप बंद करू नका, त्याचे काम वाटून द्या. केवळ सूचनांसाठी दुसरा ग्रुप काढून त्यावर फक्त ॲडमिनच लिहू शकतील अशी व्यवस्था व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये करता येते. तिथे वाढदिवसाच्या शुभेच्छा नकोत आणि मेंटेनन्सची आठवणही नको. त्या ग्रुपचा आवाज आला म्हणजे आपल्याला काही तरी करायचे आहे, ही सवय रहिवाशांना लागली पाहिजे. जुना ग्रुप गप्पांसाठी तसाच राहू द्यावा, कारण घाबरलेल्या माणसाला बोलायचे असते आणि ती वाट अडवली तर तीच चर्चा तुमच्या नजरेआड दहा छोट्या ग्रुपांमध्ये सुरू होते.

मात्र ग्रुप कोणता यापेक्षा संदेश कसा लिहायचा हे आधी ठरवून ठेवणे अधिक महत्त्वाचे आहे. संकटातला संदेश केव्हाचा आहे, तो कोणाचा आहे आणि त्याची मुदत केव्हा संपते, या तीन गोष्टी त्या संदेशातच असल्या पाहिजेत. पुढच्या बहुतेक उत्तरांतही मी फिरून इथेच येणार आहे, कारण बरेचसे गोंधळ या तीनपैकी एखादी गोष्ट राहून गेल्यामुळे होतात. तुमचा त्या रात्रीचा संदेश काहीसा असा असता : ‘मंगळवार, रात्री १०.४०. बी आणि सी इमारतींच्या तळघरात घोटाभर पाणी आहे. तिथला वीजपुरवठा आणि दोन्ही लिफ्ट बंद केल्या आहेत. गाडी काढायला कोणीही खाली उतरू नये. पंप सुरू आहे. पुढचा संदेश ११.१५ वाजता. – सचिव.’ यात धीराचा एकही शब्द नाही, तरी माणूस यानेच शांत होतो.

यातले ‘पुढचा संदेश ११.१५ वाजता’ हे वाक्य वगळण्याचा मोह होईल, पण ते वगळू नये. पुढची बातमी केव्हा मिळणार हे माहीत असलेला माणूस दर दोन मिनिटांनी ‘काही अपडेट?’ असे विचारत नाही. सव्वाअकराला नवे सांगण्यासारखे काही नसले तरी ‘परिस्थिती तीच आहे, पाणी वाढलेले नाही, पुढचा संदेश १२ वाजता’ एवढे लिहावेच. दिलेली वेळ एकदा चुकली की लोक तुमच्या जागी शेजाऱ्याच्या मेहुण्याला फोन करू लागतात. पाणी ओसरल्यावर ‘पहाटे ४.२० : पाणी उपसले, लिफ्ट सुरू, आधीच्या सूचना रद्द’ असा समारोपाचा संदेशही हवा. तो बहुधा राहूनच जातो आणि सकाळी सातला उठलेली माणसे रात्रीच्या सूचना ताज्या समजून जिने चढत राहतात.

आणखी एक गोष्ट. सूचनेचा फोटो काढून टाकण्याची आपल्याकडे फार आवड आहे. लेटरहेड, शिक्का, सही आणि खाली तिरपा पडलेला अंगठा. कमकुवत नेटवर्कवर असा फोटो उघडत नाही, त्यातला फोन नंबर दाबून लावता येत नाही आणि दृष्टिहीन सभासदाच्या फोनवरचे वाचून दाखवणारे ॲप त्यातली अक्षरे नीट वाचेलच असे नाही. सूचना साध्या मजकुरातच लिहावी.

शेवटी, फोनवर सगळा भरवसा ठेवू नये. १२ ऑक्टोबर २०२० रोजी ग्रिडमधल्या बिघाडाने मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकदमच गेली होती. अशा वेळी घरातला वायफाय लगेच बंद पडतो आणि मोबाइलचे टॉवर बॅटरीवर किंवा जनरेटरवर चालत असतील तेवढाच वेळ साथ देतात. म्हणून प्रत्येक इमारतीच्या दाराशी एक फलक, एक खडू आणि प्रत्येक मजल्यावर दार ठोठावणारा एक माणूस, ही जुनी व्यवस्था मोडीत काढू नका. आणि वॉचमनला सूचनांच्या ग्रुपमध्ये घ्या. तळघरात शिरलेले पाणी सर्वांत आधी तोच पाहतो, पण बहुतेक सोसायट्यांच्या ग्रुपमध्ये तोच नसतो.

प्रश्न : मी सेवानिवृत्त आहे. पावसाळ्यात रोज पंधरावीस इशारे माझ्या फोनवर येऊन पडतात. ‘पुढील तीन तास धोक्याचे’ हा संदेश मला दुसऱ्या दिवशी सकाळी मिळतो. धरण फुटल्याचा व्हिडिओ येतो, मग तो खोटा असल्याचा संदेश येतो, मग तो संदेशच खोटा असल्याचा तिसरा येतो. आमच्यासारख्यांनी विश्वास कशावर ठेवावा?
– एक वाचक, वाशी

उत्तर : ‘पुढील तीन तास’ हा संदेश बहुतेक वेळा खराच असतो, फक्त तो शिळा असतो. भारतीय हवामान विभाग अल्पकालीन अंदाज देतो, त्यावर दिनांक आणि वेळ असते आणि तो काही तासांपुरताच असतो. कोणी तरी वरची तारखेची ओळ कापून उरलेले पुढे पाठवतो आणि खरी माहिती खोटी होऊन बसते. फेसबुक आणि एक्सवर तर कोणीही काही न कापता हे घडते, कारण तिथला मजकूर लिहिल्याच्या क्रमाने न दिसता त्या कंपनीच्या गणितानुसार वरखाली होत असतो. तेव्हा ज्यावर तारीख आणि वेळ नाही असा कोणताही इशारा कोणाकडूनही आला तरी पुढे पाठवू नये; आधी मूळ खात्यावर जाऊन पाहावे.

रंगांचा अर्थही एकदा नीट समजून घेतला तर निम्मी धास्ती कमी होईल. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, तांबडा म्हणजे प्रत्यक्ष कृती करा. पावसाच्या शब्दांनाही मापे आहेत : चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार आणि २०४.५ किंवा अधिक म्हणजे अत्यंत मुसळधार. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. ‘२६ जुलैसारखा पाऊस येणार’ असा संदेश दरवर्षी फिरतो, तेव्हा तो आकडा या मापाशेजारी ठेवून पाहावा.

वाशीकरांनी आणखी एक वेळापत्रक जवळ ठेवावे, ते भरतीचे. नवी मुंबईचा बराच भाग भराव घालून वसवलेला आणि सखल आहे. म्हणून सिडकोने खाडीकाठी धारण तलाव बांधले. भरती असताना त्यांच्या झडपा मिटलेल्या असतात, शहरातले पाणी तलावात साठते आणि ओहोटी लागली की ते खाडीत जाते. त्यामुळे मोठी भरती आणि जोरदार पाऊस एकाच वेळी आले तरच खरी काळजी, आणि ही वेळ भरतीच्या तक्त्यात कितीतरी आधीपासून छापलेली असते. कोणत्याही फॉरवर्डपेक्षा हा तक्ता तुमच्या अधिक उपयोगाचा आहे.

व्हिडिओंबद्दल थोडक्यात सांगायचे तर, त्यातल्या पाट्या, वाहनांचे क्रमांक आणि लोकांची भाषा पाहावी. धरणाचा व्हिडिओ पुष्कळदा दुसऱ्या राज्यातला किंवा दुसऱ्या देशातला निघतो. संदेशावर दुहेरी बाण दिसत असेल तर तो अनेक हातांतून फिरून आलेला आहे. व्हॉट्सॲपने २०२० पासून असा संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे बंधन घातले आहे, पण ‘कॉपी’ करून चिकटवणाऱ्याला ते अडवत नाही. हे सारे किरकोळ वाटत असेल तर १ जुलै २०१८ आठवावा : धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा व्हॉट्सॲपवरून पसरलेली असताना, भिक्षा मागत आलेल्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. आपत्तीबाबत खोटा इशारा देऊन घबराट पसरवणे हा आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ५४ खाली एक वर्षापर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे ‘सचेत’ हे ॲप मुलाकडून फोनवर घालून घ्यावे. २०२३ मध्ये अनेकांच्या फोनवर कर्कश आवाज होऊन चाचणीचा संदेश आला होता. ती व्यवस्था वेगळी आहे. त्यासाठी तुमचा मोबाइल नंबर ठाऊक असावा लागत नाही, टॉवरच्या टप्प्यातल्या सर्व फोनांवर संदेश एकदमच उमटतो, नेटवर्कवर गर्दी असली तरी. तो आवाज पुन्हा झाला तर फोन बंद न करता वाचावा.

प्रश्न : आम्ही काही महाविद्यालयीन मित्रमैत्रिणी इन्स्टाग्राम आणि एक्सवर मदतीचे पेज चालवतो. पूर आला की लोक पत्ते, फोन नंबर, आजारी माणसांची माहिती पाठवतात आणि आम्ही ती लगेच शेअर करतो. हे योग्य आहे ना?
– एक स्वयंसेविका, कळवा

उत्तर : हेतू चांगला आहे, पद्धत अर्धीच बरोबर आहे. २०१५ च्या चेन्नईच्या पुरात आणि २०१८ च्या केरळच्या पुरात स्वयंसेवकांनी समाजमाध्यमांवरून मोठे काम उभे केले. केरळमध्ये तर राज्याच्या आयटी मिशनच्या सोबतीने विनंत्या नोंदवण्याचे संकेतस्थळच तयार झाले. पण तिथला एक कटू अनुभवही लक्षात ठेवण्यासारखा आहे : ज्यांची सुटका झाली होती त्यांच्या विनंत्या पुढेही फिरत राहिल्या, एकाच घरासाठी आखातातले मुलगे, पुण्यातली सून आणि शेजारी अशा सर्वांनी वेगवेगळ्या नोंदी केल्या, आणि होड्या आधीच रिकाम्या झालेल्या घरांकडे जाण्याची वेळ आली. होडी तेवढीच असते. ती चुकीच्या दारी गेली की बरोबर दार तेवढा वेळ थांबते.

म्हणून विनंती आली की आधी फोन करा. माणूस अजून तिथेच आहे का, किती जण आहेत, औषध हवे की सुटका, जवळची ठळक खूण कोणती, हे विचारा आणि वेळेसह एकाच तक्त्यात नोंदवा. मग ती माहिती ११२ वर, जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७ वर किंवा महापालिकेच्या नियंत्रण कक्षाला द्या. ठाणे महापालिकेचे स्वतःचे आपत्ती प्रतिसाद दल आहे आणि ते तुमचे पेज वाचत बसलेले नाही. फोनवरून काम झाले तर विनंती जाहीर टाकण्याची गरजच उरत नाही. टाकावीच लागली तर काम होताच ‘सुटका झाली, सायंकाळी ६.१०’ असे लिहून मूळ पोस्ट काढून टाका. नुसती खाली टिप्पणी पुरत नाही, कारण पुढे जातो तो वरच्या मजकुराचा स्क्रीनशॉट.

एकट्या राहणाऱ्या बाईचा नंबर आणि पत्ता जाहीर टाकू नका. पूर ओसरतो, नंबर राहतो. रुग्णाचे अहवाल आणि हरवलेल्या मुलांचे फोटो यांबाबतही हेच पाळा. मुलासंबंधीची माहिती पोलिसांना किंवा मुलांसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनवर द्या.

अडकलेल्या माणसाला व्हॉट्सॲपवरून लाइव्ह लोकेशन मागता येते, ते पंधरा मिनिटे, एक तास किंवा आठ तास चालू राहते. त्याच्या फोनची बॅटरी किती उरली आहे ते मात्र आधी विचारा. बॅटरी थोडी असेल तर एकदाच ठिकाण पाठवायला सांगून इंटरनेट बंद करायला लावा आणि पुढचे एसएमएसवर चालू द्या.

प्रश्न : मागील पावसाळ्यात आमच्या शाळेची एक बस तुर्भ्याजवळ पाण्यामुळे दोन तास अडकली. मी सर्व काही ठीक असल्याचे कळवले, तरी पालकांच्या ग्रुपवर हाहाकार माजला आणि काही पालक दुचाकी घेऊन त्याच पाण्यात शिरले. आम्ही काय वेगळे करायला हवे होते?
– मुख्याध्यापिका, नेरूळ

उत्तर : ‘सर्व काही ठीक आहे’ हे वाक्य पालकाला काहीच सांगत नाही, उलट ते लिहावे का लागले, या विचाराने तो अधिक घाबरतो. बस नेमकी कुठे आहे, आत किती मुले आहेत, सोबत कोण आहे, पाणी बसच्या कोणत्या भागापर्यंत आहे आणि पालकांनी काय करायचे नाही, हे लिहायला हवे होते. जे माहीत नाही तेही लिहावे : ‘बस केव्हा निघेल हे सांगता येत नाही, ४.३० ला पुन्हा कळवू.’

या बाबतीत आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण घ्या. जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरात अडकली, आत हजारांहून अधिक प्रवासी होते आणि चहूकडे पाणी. रेल्वेने ट्विटरवरून प्रवाशांना आवाहन केले ते मोजक्या शब्दांत : गाडीतून उतरू नका, गाडीच सुरक्षित आहे, मदत पोचेपर्यंत थांबा. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल आणि गावकऱ्यांच्या मदतीने सर्वांना त्याच दिवशी बाहेर काढण्यात आले. काय करू नये आणि का, हे दोन्ही त्या आवाहनात होते. तुमच्या पालकांना ‘पाण्यात गाडी घालू नका, तुम्ही अडकलात तर बस काढायला येणारा टेम्पोही अडकेल’ असे सांगितले असते तर बहुतेकांनी ऐकले असते. सगळ्यांनी नाही, एक वडील निघालेच असते.

दुसरे, खाते कोणाच्या हातात आहे हे पाहा. १३ जानेवारी २०१८ रोजी अमेरिकेतल्या हवाई राज्यात क्षेपणास्त्र येत असल्याचा इशारा चुकून सर्वांच्या फोनवर गेला आणि तो मागे घेणारा संदेश त्याच मार्गाने जायला ३८ मिनिटे लागली. इशारा खोटा असल्याचे गव्हर्नरांना कितीतरी आधी कळले होते, पण आपल्याला ट्विटरचा पासवर्ड ठाऊक नव्हता, असे त्यांनी पुढे स्वतःच सांगितले. शाळेच्या ग्रुपची ॲडमिन फक्त मुख्याध्यापिका असेल आणि ती त्याच वेळी लोकलमध्ये नेटवर्कविना अडकली असेल, तर तुमची अवस्था याहून वेगळी होणार नाही. किमान तिघे ॲडमिन ठेवा, त्यांतला एक शाळेच्या जवळ राहणारा असावा.

मुलांचे फोटो मागितले जातील. ग्रुपवर टाकू नका. बसमधल्या ताईंनी प्रत्येक पालकाशी मुलाचे एका वाक्यापुरते बोलणे करून द्यावे, त्याने अधिक काम होते.

प्रश्न : माझा पावण्याला छोटा कारखाना आहे. आवारात भंगाराला आग लागली, अर्ध्या तासात विझली, कोणी जखमी झाले नाही. पण समोरच्या रस्त्यावरून काढलेला धुराचा व्हिडिओ ‘विषारी वायूची गळती’ म्हणून सर्वत्र गेला. वकिलांनी काहीही न बोलण्याचा सल्ला दिला. ते बरोबर होते का?
– एक लघुउद्योजक, नवी मुंबई

उत्तर : आगीच्या कारणाबद्दल आणि जबाबदारीबद्दल न बोलणे बरोबर, पण पहिल्या तासात पूर्ण गप्प राहणे चूक. मे २०२४ मध्ये डोंबिवली एमआयडीसीतल्या स्फोटात कामगार दगावले आणि दूरवरच्या घरांच्या काचा फुटल्या. ते पाहिलेल्या माणसाने काळा धूर दिसल्यावर वायुगळती समजणे यात दुष्टपणा काही नाही. त्याला हवे असते ते एवढेच : काय जळते आहे, वास विषारी आहे का, खिडक्या लावायच्या का, अग्निशमन दल आले का. यांपैकी जे नक्की माहीत आहे ते कारखान्याच्या नावाने, वेळेसह, लगेच सांगावे. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात सुधारणा झाली तेव्हाच, धोकादायक प्रक्रियेची माहिती आसपासच्या लोकांनाही मिळाली पाहिजे, हे तत्त्व आपल्या कायद्यात आले आहे. तेव्हा ही मेहेरबानी नव्हे.

अफवेला उत्तर देताना अफवा मथळ्यात ठेवू नका. २०११ च्या जानेवारीतल्या पुरात ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यातल्या पोलिसांनी ट्विटरवर खास हॅशटॅग वापरून एकेक अफवा खोडून काढली. ते लोकांच्या स्मरणात राहिले, कारण प्रत्येक उत्तर लहान होते आणि काही तासांत दिलेले होते. तुम्ही ‘आमच्याकडे वायुगळती झालेली नाही’ असे सुरू करण्याऐवजी ‘आवारातल्या लाकडी आणि प्लास्टिकच्या भंगाराला लागलेली आग दुपारी २.१० ला विझली, अग्निशमन दलाने पाहणी केली’ असे सुरू करा. लोकांच्या रागाच्या टिप्पण्या पुसू नका, शिवीगाळ तेवढी काढा. आणि शेजारच्या वसाहतीतल्या दोनचार सोसायट्यांच्या सचिवांचे नंबर आजच घेऊन ठेवा. आग लागल्यावर ओळख करून घेणे अवघड जाते.

प्रश्न : ग्रुपवर दुसऱ्याने टाकलेल्या खोट्या संदेशाबद्दल ॲडमिनला शिक्षा होते का?
– ऐरोली आणि कोपरी येथील वाचक

उत्तर : निव्वळ ॲडमिन आहे म्हणून नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये असे म्हटले आहे की समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसत नसेल तर सभासदाच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी ॲडमिनला जबाबदार धरता येणार नाही. तरीही कोणाचाही संदेश सर्वांच्या फोनवरून पुसण्याची सोय ॲडमिनला आहे, ती वापरावी, आणि पुसल्यावर का पुसला ते एका ओळीत लिहावे; नाहीतर पुसलेला संदेशच खरा होता, असे लोक धरून चालतात.

प्रश्न : आपत्तीनंतर मदतनिधीचे क्यूआर कोड फिरू लागतात. पैसे पाठवावेत का?
– एक गृहिणी, घणसोली

उत्तर : फॉरवर्ड होऊन आलेल्या क्यूआर कोडवर पाठवू नयेत. मुख्यमंत्री सहायता निधी किंवा आपल्या ओळखीची संस्था यांच्या मूळ संकेतस्थळावर स्वतः जाऊन पाठवावेत, आणि पैसे देण्याआधी पडद्यावर खातेदाराचे जे नाव येते ते वाचावे. तिथे निधीच्या जागी एखाद्या व्यक्तीचे नाव दिसले तर थांबावे. पैसे गेलेच असतील तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी आणि बँकेलाही कळवावे. रक्कम पुढच्या खात्यांत सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते.